तेओफिलो स्टीव्हन्सनचा उजवा हात

रंकाळा_पहाट

परवा खासबागेजवळ चहाच्या गाड्यावर आमच्या जुन्या तालमीचे वस्ताद भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात धरला की मनगट अजून दुखतं. मी तालीम सोडून बॉक्सिंगला गेलो तेव्हा वर्षभर बोलले नव्हते माझ्याशी. परवा मात्र स्वतःहून म्हणाले, "तुमच्या त्या बुक्क्यांच्या खेळात सगळ्यात मोठा पैलवान कोण रे? अली आणि टायसन सोडून सांग."

मी म्हणालो, तेओफिलो स्टीव्हन्सन. क्युबाचा हौशी, म्हणजे पैशांसाठी न लढणारा, हेवीवेट बॉक्सर. नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मग तासभर उभ्या उभ्या सांगत राहिलो, चहाचे तीन राउंड झाले. घरी आल्यावर वाटलं, मराठीत या माणसाबद्दल नीट लिहिलेलं फारसं दिसत नाही. म्हणून हा धागा.

जन्म 29 मार्च 1952, क्युबाच्या पूर्वेकडच्या पुएर्तो पाद्रे भागात. तो ऊस आणि साखर कारखान्यांचा मुलूख, म्हणजे आपल्याकडे शिरोळ-करवीरला दिसतं तसंच चित्र. वडील सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेले, धिप्पाड. त्यांनीही तरुणपणी काही लढती केल्या होत्या, पण पैशांच्या व्यवहारातली लबाडी बघून सोडून दिलं. पोरगा चोरून सरावाला जातो हे कळल्यावर आई संतापली होती. पुढे वडीलच त्याच्या बाजूने उभे राहिले.

उंची 6 फूट 5 इंच. पण नुसत्या उंचीने काय होतंय. 1971 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या ड्वेन बॉबिकने त्याला हरवलं. त्या वेळी त्याचा डावा हात कच्चा होता. क्युबाच्या संघाबरोबर तेव्हा आंद्रेई चेर्वोनेन्को हे सोव्हिएत प्रशिक्षक काम करत होते, मुख्य प्रशिक्षक अल्सिदेस सागारा. त्यांनी डाव्या हातावर मेहनत घेतली. कुस्तीत खडाखडी चालते ना, समोरच्याचं माप घेत, तसा स्टीव्हन्सनचा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ झटपट ठोसा, झाला. समोरच्याला अंतर कळू द्यायचं नाही, पाय जागेवर स्थिर होऊ द्यायचे नाहीत आणि मग उजवा.

1972 चं म्युनिक ऑलिम्पिक. पहिल्या लढतीत पोलंडचा डेंडेरिस पहिल्याच राउंडमध्ये संपला. उपांत्यपूर्व फेरीत समोर तोच बॉबिक. दोन राउंड झुंज झाली, तिसऱ्यात स्टीव्हन्सनने त्याला तीन वेळा खाली पाडलं आणि पंचांनी लढत थांबवली. उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीचा पीटर हुसिंग दुसऱ्या राउंडपुढे गेला नाही. अंतिम फेरीत रुमानियाचा आलेक्से अंगठा मोडल्यामुळे उतरलाच नाही. म्हणजे वीस वर्षांच्या पोराला पहिलं सुवर्ण मिळालं ते पुढे चाल मिळून! तरीही स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट बॉक्सरला देतात तो व्हॅल बार्कर करंडक त्यालाच मिळाला.

तो उजवा हात मी रेकॉर्डिंगवर शेकडो वेळा पाहिलाय. आधी उजव्या पायाची टाच उचलते. मग कंबर फिरते, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी येते. मूठ येईपर्यंत बाकीचं काम झालेलं असतं. आमच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवतो, हाताकडे बघू नका, टाचेकडे बघा.

1974 ला हवानात पहिलीवहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे सुवर्ण. 1976 मॉन्ट्रियलला उपांत्य फेरीत जॉन टेट पहिल्या राउंडमध्ये गार. हाच टेट तीन वर्षांनी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये विश्वविजेता झाला, यावरून अंदाज करा. अंतिम फेरीत रुमानियाचा मिर्चा शिमोन दोन राउंड नुसता लांब लांब पळत राहिला, तिसऱ्यात सापडला आणि त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला, म्हणजे हार मान्य. 1978 बेलग्रेड, पुन्हा जागतिक सुवर्ण. 1980 मॉस्कोला सोव्हिएतच्या झायेवला गुणांवर हरवून तिसरं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याआधी ही किमया फक्त हंगेरीच्या लास्लो पापने केली होती, नंतर क्युबाच्याच फेलिक्स सावोनने.

हरलाच नाही असंही नाही. सोव्हिएतच्या इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवलंय. 1982 च्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या दामियानीने बाहेर काढलं. लोक म्हणाले संपला. 1986 ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या रेनोला जाऊन पुन्हा विश्वविजेता झाला.

हे सगळं ऐकून वस्तादांनी एकच विचारलं. "एवढा दांडगा गडी, मग अलीबरोबर लावली का नाही?"

माझं मत असं की त्याची कारकीर्द जशी झाली तशीच पुरी होती. त्यात काही राहून गेलं असं मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

पेठेतला_पोरगा

दादा, नाद खुळा लिहिलंय. मी फक्त अली-फोरमन-फ्रेझरपर्यंतच वाचलं होतं. जॉन टेटचं ऐकून यूट्यूबवर शोधलं, अंगावर काटा आला राव. तेव्हा हेडगार्ड नव्हतं का? आणि हेवीवेट म्हणजे किती किलो?

---

रंकाळा_पहाट

भावा, त्या काळात 81 किलोच्या वर सगळे एकाच गटात. 82 चा असो की 110 चा, हेवीवेटच. ऑलिम्पिकमध्ये 1984 ला 91 च्या वरच्यांसाठी सुपर हेवी वेगळा केला आणि हेडगार्डही त्याच ऑलिम्पिकपासून आलं. प्रौढ पुरुषांच्या गटात ते 2013 ला पुन्हा काढलं. म्हणजे स्टीव्हन्सनची तिन्ही सुवर्णपदकं उघड्या डोक्याने मिळवलेली.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण एका ठिकाणी माझा आक्षेप आहे. "पुरी कारकीर्द" म्हणताना तुम्ही सोयीचं तेवढं घेतलंत असं वाटतं. क्युबाने 1962 साली व्यावसायिक खेळावरच बंदी घातली होती. त्याने व्यावसायिक करार केला असता तर देश, घर, आईवडील सगळं कायमचं सुटलं असतं. अलीशी लढायला पन्नास लाख डॉलरचा देकार नाकारला, क्युबाच्या लाखो लोकांच्या प्रेमापुढे डॉलर काय चीज आहे असं म्हणाला, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण दुसरा दरवाजा बंद असेल तर त्याला निवड म्हणायचं का?

शिवाय 1984 आणि 1988 ही दोन्ही ऑलिम्पिक क्युबाने बहिष्कारात घालवली. 1984 च्या फेब्रुवारीत त्याने टायरेल बिग्जला हरवलं होतं आणि उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला सुपर हेवीचं सुवर्ण घेतलं बिग्जने. ते चौथं पदक त्याच्याकडून राजकारणाने हिसकावलं. याला राहून जाणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

---

रंकाळा_पहाट

प्रश्नचिन्ह, 1984 बद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. ते राहिलंच. मी लिहिताना तिथे घाई केली.

बंदीबद्दलही मुद्दा बरोबर आहे. पापचंच उदाहरण बघा. हंगेरीने त्याला व्यावसायिक व्हायला परवानगी दिली, तो युरोपचा मिडलवेट विजेता झाला आणि विश्वविजेतेपदाच्या लढतीच्या तोंडावर सरकारने परवानगी काढून घेतली. म्हणजे दार उघडं असलं तरी किल्ली दुसऱ्याच्याच खिशात. क्युबाने तर 2022 मध्ये कुठे आपल्या बॉक्सरना व्यावसायिक लढती खेळू दिल्या. स्टीव्हन्सन त्याच्या दहा वर्षं आधी, जून 2012 मध्ये गेला.

पण अलीशी न लढल्यामुळे तो कमी ठरतो, हे मला अजिबात पटत नाही. विश्वविजेतेपदाची लढत तेव्हा पंधरा राउंडची असायची आणि हौशी लढत तीन राउंडची, म्हणजे नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत दम राखून ठेवायला जागाच नसते. पहिला राउंड गेला की एक तृतीयांश लढत गेली. हे वेगळं शास्त्र आहे. निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती यात आपण फरक करतो ना? गादीवर सुवर्ण आणणाऱ्याला "मातीत का खेळला नाहीस" असं कोण विचारतं?

अली आणि तो चांगले मित्र झाले पुढे. 1996 ला अली क्युबासाठी औषधांची मदत घेऊन हवानाला गेला, तेव्हा स्टीव्हन्सन त्याच्याबरोबर होता. दोघांनाही लढत न झाल्याची खंत असावी असं फोटोंवरून तरी वाटत नाही.

---

निवृत्त_सुभेदार

नमस्कार मंडळी. मी गडहिंग्लज तालुक्यातला, फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. बॉक्सिंग युनिटमध्येच शिकलो. नवीन जवानांची नोव्हिस बॉक्सिंग असते, तिथे जड वजनात कंपनीत दोनच गडी निघायचे, म्हणून मला उभा केला. हरलो, पण खेळ अंगात भिनला.

अलीशी लढलेला हौशी हेवीवेट आपल्याकडे होऊन गेला, हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सुभेदार कौर सिंग. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्याच्या खनाल खुर्द गावचे. 27 जानेवारी 1980 ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर अलीबरोबर चार राउंडची प्रदर्शनी लढत खेळले. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, विशिष्ट सेवा पदक. 1984 ला लॉस एंजेलिसलाही खेळले.

आता पुढचं. निवृत्तीनंतर गावी शेती. हृदयाचं दुखणं निघालं, उपचारासाठी कर्ज काढावं लागलं. ते पेपरात आलं तेव्हा आपल्या फौजेने मदत पाठवली. एप्रिल 2023 मध्ये गेले. आशियाई सुवर्ण आणि पद्मश्री घरात असलेला माणूस औषधासाठी कर्ज काढतो, हे मला अजून सहन होत नाही.

स्टीव्हन्सनला क्युबाने घर दिलं, बॉक्सिंग महासंघाचा उपाध्यक्ष केलं. प्रश्नचिन्ह साहेबांचा मुद्दा मला कळतो, स्वातंत्र्य मोठं आहे. पण खेळाडू म्हातारा झाल्यावर त्याला कुणी विचारतंय का, हेही बघा.

---

राजारामियन

सुभेदार काका, तुमचं वाचून खाशाबा जाधव आठवले. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या घराच्या तारणावर आलं! गावाने शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, 1984 ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर पंधराएक वर्षांनी.

स्टीव्हन्सन मार्च 1952 ला जन्मला आणि त्याच वर्षी जुलैत खाशाबा हेलसिंकीत लढले, हे आत्ता धागा वाचताना लक्षात आलं.

---

सोनचाफा

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. कसबा बावड्यात राहते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, वजन 96 किलो, सहा वर्षं तालमीत जातो. गेल्या दिवाळीपासून त्याच्या डोक्यात बॉक्सिंग बसलंय. त्याचे वडील म्हणतात, कुस्तीत नाव होतंय ते सोडून कशाला. मला वेगळीच भीती वाटते. डोक्याला मार लागला तर? तुम्ही सगळे पदकांचं बोलताय, पण रंकाळा_पहाट दादा, तुम्ही स्वतः खेळलात. आईला खरं काय ते सांगाल का?

---

रंकाळा_पहाट

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून जे आजवर कुठे लिहिलं नाही ते लिहितो.

1993 ची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, वजन 98. आमच्या स्पर्धेत सुपर हेवीत दोनच नावं होती, दुसरा आलाच नाही. हात वर करून घेतला, सुवर्ण गळ्यात पडलं. एक ठोसा न मारता. जड वजनात हे नेहमी होतं. चार जण असले तर उपांत्य फेरी हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, त्यामुळे घरात पदकं दिसतात पण लढतींचा अनुभव नसतो. त्या सुवर्णाच्या जोरावर मला वरच्या स्पर्धेत पाठवलं. समोर चाळीसेक लढती खेळलेला गडी. पहिलं मिनिटही झालं नव्हतं. मला तो ठोसा आठवत नाही. रिंगच्या दोरीचा खालचा पदर आणि त्यावर चिकटवलेली पांढरी पट्टी, एवढंच आठवतं.

उठलो, चाललो, सगळे म्हणाले ठीक आहे. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली की नाही तेही मला सांगता येत नाही. त्याच रात्री जनरलच्या डब्यात बसवून परत पाठवलं. रात्रभर उलट्या. आणि बाराव्या दिवशी मला पुन्हा स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं केलं, कारण जड वजनाच्या दुसऱ्या मुलाला जोडीदार नव्हता. मीही नाही म्हणालो नाही. नाही म्हणायचं असतं हेच कुणी शिकवलं नव्हतं. पुढचे पाच महिने वाचताना ओळी हलायच्या. बी.कॉम.चं वर्ष गेलं. आईला मी ताप आला होता असं सांगितलं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

नियम असा आहे की डोक्याच्या माराने लढत थांबली तर किमान 30 दिवस ना लढत, ना स्पॅरिंग. बेशुद्ध पडला तर त्याहून कितीतरी जास्त. हे कागदावर सगळीकडे असतं. तुम्ही तुमच्या मुलाच्या कोचला हा एकच प्रश्न विचारा: "याला लागलं तर किती दिवस घरी बसवाल?" उत्तर द्यायला वेळ लागला तर मुलाला तिथून घेऊन या.

हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आत मेंदूला बसणारा हिसका वाचत नाही. त्यामुळे हेडगार्ड घातलंय म्हणून रोज जोरात स्पॅरिंग, हे चुकीचं. आणि 96 किलोच्या पोराला जोडीदार मिळत नाही म्हणून मोठ्या वयाच्या माणसासमोर उभं करतात, ते कधीही होऊ देऊ नका. जोडीदार नसेल तर बॅग आहे, पॅड आहे, दोरीवरच्या उड्या आहेत.

तालमीतून आलेल्या पोराची मान मजबूत असते, दम असतो, ही जमेची बाजू. अडचण अशी की पैलवान पुढे झुकून उभा राहतो, वजन पुढच्या पायावर, हात पकडीसाठी उघडे. तिथून हनुवटी खाली आणि वजन मागे आणायलाच मला आठ महिने लागले होते.

आता पुढचं विचाराल. जड वजनात नोकरीची दारं फौज, रेल्वे आणि पोलीस, जास्त करून फौजच. टोकियो ऑलिम्पिकला आपला सतीश कुमार सुपर हेवीत खेळला, भारताचा या गटातला पहिला ऑलिम्पियन, तोही फौजेतलाच. चेहऱ्यावर टाके असताना उझबेकिस्तानच्या जलोलोव्हसमोर उतरला. जलोलोव्ह तेव्हा व्यावसायिक लढतीही खेळत होता. स्टीव्हन्सनच्या काळातली ती भिंत आता पडलीय. म्हणजे तुमच्या मुलाला हौशी आणि व्यावसायिक दोन्ही दारं उघडी असतील, पण समोरही तेवढेच तयार गडी येतील.

तरीसुद्धा मी हा खेळ सोडला नाही. का ते एका ओळीत सांगता येत नाही. 1995 ला पुन्हा उतरलो, चार लढती जिंकलो, दोन हरलो आणि सत्तावीसाव्या वर्षी थांबलो. आज सकाळी अकरा पोरं शिकवतो. त्यातल्या सात जणांना मी आजवर स्पॅरिंग करू दिलेलं नाही.

---

प्रश्नचिन्ह

दादा, मी तुमच्याशी वाद घालत होतो, पण हे वाचून थांबलो. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

---

निवृत्त_सुभेदार

बाराव्या दिवशी स्पॅरिंग. वाईट वाटलं वाचून. आमच्याकडेही हे झालंय, डोळ्यांनी पाहिलंय. ताई, पोराला पाठवायचं असेल तर यांच्याकडेच पाठवा.

---

सोनचाफा

तुमचं सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगा ऐकत होता, त्याचे वडीलही. आईला तापाचं सांगितलंत तिथे मला पुढे वाचवेना, मग त्यानेच वाचलं. रात्री म्हणाला, मी तुला कधी खोटं सांगणार नाही. यायचं असेल तर कधी आणि काय घेऊन यायचं?

---

रंकाळा_पहाट

रविवारी पहाटे साडेपाचला, रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला. ग्लोव्ह्ज आणू नका, लागणार नाहीत. हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची सुती पट्टी दोन नग आणि दोरी. तालीम सोडायला सांगू नका, वस्तादांशी मी बोलतो. आणि ताई, तुम्हीही या, पट्टी कशी बांधायची ते तुम्हालाच शिकवतो.

---

पेठेतला_पोरगा

दादा, अकराचे बारा झाले तर तेरावा मी येऊ का? वजन 64 च आहे.

---

रंकाळा_पहाट

ये की. दोरी घेऊन ये.

---

सोनचाफा

काल जाऊन आलो. तासभर त्याने फक्त उजवी टाच उचलली आणि खाली ठेवली. घरी येऊन ओट्याजवळ उभा राहून अजून तेच करतोय. वस्तादही आले होते, बाकावर बसून बघत होते. जाताना मुलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी तालमीत ये, जोर चुकवू नकोस."